शकुंतलेच्या डब्यावरची रेघ

पोळ्याच्या दिवशी भाचा बैल धुऊन आला, हात पुसले आणि कपाटावरचा डबा, म्हणजे शकुंतला या छोट्या आगगाडीच्या डब्याचं आमचं प्लॅस्टिकचं मॉडेल, उतरवून माझ्यापुढे धरला. "मामा, पाहा बरं. थो जोड पुन्हा दिसून राह्यला." मे महिन्यात त्यानं तो सांधा भरून, घासून, रंगवून इतका साफ केला होता की डबा कुठे कापला होता हे मलाही सांगता आलं नव्हतं. आता छताच्या मधोमध आडवा खळगा बसला होता. बोटाला लागत नव्हता, पण दारातून येणाऱ्या तिरप्या उजेडात गडद तांबड्या रंगावर स्पष्ट दिसत होता. नीट वाळू न चाळलेल्या गिलाव्यावर उन्हं कलली की जसं सगळं उघडं पडतं, तसं.

या एका रेघेवर आम्ही पुढचे सहा महिने घालवले. त्यातले पहिले चार वाया गेले, आणि त्यातला निम्मा दोष माझा. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी डब्याबद्दल. आम्ही अंजनगाव सुर्जीच्या बाजूचे. मूर्तिजापूर–अचलपूर ही ७६ किलोमीटरची आणि मूर्तिजापूर–यवतमाळ ही ११३ किलोमीटरची, अशा दोन फाट्यांची शकुंतला आमच्या शिवारातून जायची. इंग्रजांच्या काळात वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरच्या जंक्शनवर आणायला घातलेली ही लाइन. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत ती ओढत होतं, मग डिझेल आलं. रूळ अडीच फुटी, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. या गाडीचा प्लॅस्टिकचा तयार संच मला कुठे मिळाला नाही. ज्याला ती हवी, त्यानं दुसऱ्या कशाला तरी कापून जोडावं.

आमचं मॉडेल १:८७ प्रमाणाचं, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान; त्यात ७६२ मिमीचा रूळ ८.७६ मिमी येतो. बाजारात ९ मिमीचा रूळ मिळतो, पाव मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही. डब्यासाठी भाच्यानं हुशारी केली. जर्मनीत, झेक लोकांत १:१२० मापाच्या मॉडेल गाड्या चालतात. त्या मापाचा मोठ्या लाइनचा डबा १:८७ च्या डोळ्यांनी पाहिला तर अंगानं नॅरोगेजच्या डब्याजवळ जातो. पुण्याच्या एका मित्राच्या भंगार खोक्यात असं एक कवच पडून होतं, २२ सेंटिमीटर लांबीचं. त्यातला ७ सेंटिमीटरचा मधला तुकडा कापून काढायचा आणि दोन टोकं जोडायची, की १५ सेंटिमीटरचा डबा तयार. म्हणजे सांधा एकच, पण तो डाव्या भिंतीवरून चढून छतावरून जाऊन उजव्या भिंतीवर उतरणारा.

कापलेला मधला तुकडा त्यानं फेकला नाही. या प्रकरणातलं सगळ्यात मोठं नशीब तेच.

मे महिन्यात काय झालं

हे मला जानेवारीत तुकड्या-तुकड्यानं कळलं, पण वाचणाऱ्याला एका जागी सांगतो.

जागा म्हणजे टिनाच्या छताची मागची खोली. बाहेर ४४ अंश. खोलीत कूलर चालू, आणि कूलरचं तोंड थेट टेबलाकडे, कारण माणसानं बसावं तरी कसं! कवच हॅक्सॉच्या पात्यानं कापलं. काप दोन्ही बाजूंना बरोबर काटकोनात नव्हता. भिंती टेकत होत्या, पण छतावर मधोमध सहा कागदांइतकी फट राहत होती. (छपाईच्या साध्या कागदाची जाडी साधारण ०.१ मिमी. फट मोजायच्या पातळ पत्र्यांचं फीलर गेज आमच्याकडे नाही, कागदाच्या पट्ट्याच घालून मोजतो.) जोडायला ॲसिटोन. ब्रशनं सांध्यावर लावलं, दाबलं, सोडलं. मग कार पेंटिंगवाल्याकडून वाटीभर एनसी पुट्टी (गाडीच्या पत्र्यावर देतात ती, थिनर उडून वाळणारी) आणली, फटीत दाबून एकाच हातात भरली, वर चांगला उंचवटा ठेवला. दुसऱ्या दिवशी २२० नंबरचा पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून कोरडाच घासला. रंग दिला. वजन यावं म्हणून डब्याच्या बुडाला आतून लोखंडी पट्टी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चिकटवली, आणि बूडही कवचाला चिकटवून टाकलं.

ज्यांना सवय आहे त्यांना या एका परिच्छेदात चार-पाच चुका दिसल्या असतील. मला तेव्हा एकही विचारावीशी वाटली नाही, कारण डबा छान दिसत होता.

वाया गेलेले महिने

पोळ्यानंतर भाच्यानं खळग्यावर पुन्हा पुट्टी भरली, घासली, रंगवली. दिवाळीच्या फराळाला गेलो तर खळगा परत तिथेच. थोडा उथळ, पण तिथेच.

मग मी शहाणपणा केला. "पुट्टीवर भरवसा नको, फेव्हिक्विक आणि खाण्याचा सोडा टाक, दगड होते त्याचा." दगड झालाही. इन्स्टंट ग्लूवर सोडा पडला की क्षणात कडक होतं, हे बरोबर. पण ते डब्याच्या प्लॅस्टिकपेक्षा कितीतरी कडक होतं, आणि रात्रभर ठेवलं तर आणखी कडक. भाच्यानं ते दोन दिवसांनी घासायला घेतलं. पेपर मऊ प्लॅस्टिक खात गेला आणि दगड तसाच राहिला. आता खळग्याच्या जागी वरंबा, आणि वरंब्याच्या दोन्ही बाजूंना नवे दोन चर. छताच्या कडेची पावसाच्या पाण्याची बारीक पन्हळ त्या भागात साफ घासून गेली, ते वेगळंच. हा उपाय करायचाच असेल तर सोड्याऐवजी टाल्कम पावडर मिसळावी आणि तासा-दोन तासांत घासून मोकळं व्हावं. हे मला माहीत होतं. सांगायचं राहिलं.

डिसेंबरच्या थंडीत दुसरी गोष्ट घडली. डाव्या भिंतीवर, खिडकीच्या वर, रंगात उभी तडक आली. भाच्यानं सकाळी सातला मोबाइलवर फोटो पाठवला. आम्ही दोघांनीही गृहीत धरलं की छतावरचाच रोग भिंतीवर उतरला. पुट्टीच खराब, असं भाच्याचं मत. कार पेंटिंगवाल्यानं ते ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भाऊ, पुट्टी गाडीच्या पत्र्यावर कागदाएवढी देतो मी. तुमी तं विहीर बुजवून राह्यले."

या माणसाच्या वाक्यापासून खरा तपास सुरू झाला.

तपासणी

जानेवारीत डबा माझ्याकडे आणला. पहिली तपासणी टॉर्चची. खोली अंधारी करून टॉर्च छताला जवळजवळ टेकवून आडवा धरला आणि डबा फिरवला. वरंबा, चर, त्यांच्या पलीकडे २२० नंबरच्या पेपरच्या खोल रेघा, सगळं दिसलं. नवीन काही कळलं नाही.

दुसरी तपासणी उपयोगी ठरली. बूड चाकूनं सोडवून मोबाइलचा दिवा डब्याच्या आत ठेवला, खिडक्यांना आतून काळी टेप लावली आणि बाहेरून पाहिलं. छतावर अंधार, कारण तिथे भराव होता. उजवी भिंत अंधारी. डाव्या भिंतीवर तडकेच्या जागी उजेडाची तार दिसली, १४ मिलिमीटर लांब. म्हणजे तिथे प्लॅस्टिक प्लॅस्टिकला धरून नव्हतंच. मे महिन्यापासून तो सांधा फक्त रंगाच्या आणि पुट्टीच्या पापुद्र्यावर उभा होता.

इथे दोन गोष्टी सुट्ट्या झाल्या. छताचा खळगा आणि भिंतीची तडक हे एकाच सांध्यावरचे, पण वेगळे रोग. एक भरावाचा, एक जोडाचा. आम्ही जोडाच्या रोगावरही भरावाचंच औषध देत होतो.

जोड का धरला नाही? ॲसिटोन हा चिकटवणारा पदार्थच नव्हे. तो दोन्ही कडा विरघळवतो, ओल्या कडा एकमेकींत दाबल्या की त्यांचा एक गोळा होतो, आणि ॲसिटोन उडून गेल्यावर मागे सलग प्लॅस्टिक उरतं. फेविकॉलशी त्याची तुलना करू नये, लोहाराच्या सांधणीशी करावी. त्यासाठी कडा ओल्या असताना दाबल्या जायला हव्यात. ॲसिटोन ५६ अंशांना उकळतं. ४० अंशांच्या खोलीत, कूलरच्या झोतात, ते ब्रशवरून सांध्यापर्यंत पोहोचेतोच अर्धं उडतं. वर ते उडताना कडा गार पडतात आणि कूलरच्या दमट हवेतली वाफ तिथे बसते. भाचा म्हणालाच होता की सांध्यावर पांढुरकी साय आली होती. त्याला वाटलं, चांगलं लागलं.

आणि तडक डिसेंबरातच का? याचं उत्तर त्या लोखंडी पट्टीत होतं. हे प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, मीटरभर घेतलं तर तापमानाच्या एका अंशाला सुमारे ०.०७ मिमी वाढतं किंवा आखडतं. लोखंड सुमारे ०.०१२ मिमी. मे महिन्यातले ४५ अंश आणि डिसेंबरच्या पहाटेचे १० अंश, यांत ३५ अंशांचा फरक. १५ सेंटिमीटरचा डबा तेवढ्यात ०.३७ मिमी आखडू पाहतो, पट्टी जेमतेम ०.०६. पट्टी बुडाला घट्ट, बूड कवचाला घट्ट. आखडायला जागा नाही, म्हणून डबा स्वतःच्याच सांध्याला ओढत राहिला, आणि जिथे जोड नुसता नावाला होता तिथे फाटला. तीन कागदांइतकी ओढ, पण कच्च्या सांध्याला तेवढी पुरते.

छताच्या खळग्यासाठी मात्र हवामानाला बोल लावण्याआधी चाचणी घ्यायची होती.

मधल्या तुकड्याची साक्ष

कापलेला तुकडा त्याच कवचाचा, त्याच प्लॅस्टिकचा. त्यावर करवतीनं सारख्या खोलीचे तीन चर पाडले. पहिल्यात एनसी पुट्टी एका हातात ठासून. दुसऱ्यात तीच पुट्टी कागदाएवढ्या पातळ हातांनी, दोन हातांत दोन-दोन दिवस सोडून, पाच वेळा. तिसऱ्यात आमचा घरचा भराव: त्याच तुकड्याचा कीस काचेच्या बाटलीत ॲसिटोनमध्ये विरघळवून मधासारखा दाट केलेला. तिन्हींवर शेवटचा हात एकाच दिवशी पडेल असं जुळवलं. दुसऱ्या दिवशी तिन्ही सपाट घासले, आणि तुकडा खिडकीत ठेवून दिला.

तीन आठवड्यांनी स्टीलची पट्टी आडवी ठेवून खाली कागद सरकवून पाहिले. पहिल्या चरात दोन कागद आरामात गेले. दुसऱ्यात एकही नाही. तिसऱ्यात एक, ओढून.

पहिला आकडा अपेक्षितच होता. एनसी पुट्टी वाळते म्हणजे तिच्यातलं थिनर उडून जातं, आणि जेवढं उडालं तेवढी ती बसते. जाड भरली की वरचा पापुद्रा आधी वाळतो आणि आतलं थिनर कोंडून ठेवतो. उन्हाळ्यात तर हा पापुद्रा तासाभरात होतो, म्हणून ती वाळल्यासारखी फार लवकर वाटते. नखाला टणक लागते, आत ओलीच. तिला दुसऱ्या दिवशी सपाट घासणं म्हणजे फुगलेल्या अवस्थेत कापणं. पुढे ती महिनोन्‌महिने खाली जात राहते. शिवाय तेच थिनर आजूबाजूचं प्लॅस्टिकही मऊ करतं, आणि तेही घासल्यावर बसतं. भाच्याची दुसरी पुट्टी बसली तीही याच कारणानं, फक्त थर पातळ म्हणून कमी बसली.

तिसऱ्या चरानं मात्र माझा अपेक्षाभंग केला. घरचा भराव हा माझा लाडका. डब्याचंच प्लॅस्टिक, तेव्हा घासताना कडक-मऊ असा भेद नाही, हे खरं आहे. पण तोही ॲसिटोन उडूनच वाळतो, तोही बसतो. इतकी वर्षं मी तो दुसऱ्या दिवशी घासत आलो होतो आणि माझ्या जुन्या मालडब्यांवरच्या अंधुक रेघांचा दोष रंगाला देत होतो.

थिनर नसलेला भराव हवा असेल तर आपल्या गावात मिळणारं सोपं उत्तर म्हणजे पाइपला लावायचं दोन काड्यांचं एम-सील. ते उडून वाळत नाही, दोन भाग मिसळून आतून पक्कं होतं, त्यामुळे जवळजवळ बसत नाही. पण त्याची प्लॅस्टिकवरची पकड वरवरची. चर आधी सुईनं ओरबाडून घ्यावा लागतो, आणि पातळ कडेला ते घासताना टवके निघतात. मोठ्या खड्ड्याला उत्तम, केसाएवढ्या रेघेला निरुपयोगी.

दुरुस्ती

फेब्रुवारीत सांधा पुन्हा कापला. भाच्याला ते जिवावर आलं. "अजून एक हात मारून पाहू ना मामा." नाही. शिवण चुकली की उसवायचीच असते.

काचेच्या तुकड्यावर ३२० चा पेपर चिकटवला, कवचाची दोन्ही टोकं त्यावर उभी धरून घासली, सोड्याचा दगड आणि जुनी पुट्टी कापात निघून गेली. दीड मिलिमीटर लांबी गेली. दोन टोकं टेकवून आत दिवा धरला, उजेड कुठेच येईना, तेव्हा थांबलो. माझ्या मते या सगळ्या कामातली हीच पायरी खरी. फट जेवढी कमी, तेवढी पुढची सगळी चर्चा अनावश्यक.

आतून सांध्याला अस्तर दिलं: एक मिलिमीटर जाडीच्या प्लॅस्टिक शीटच्या १२ मिमी रुंद पट्ट्या, दोन भिंतींना आणि छताला. छताची पट्टी गरम पाण्यात बुडवून हातानं वाकवली. जोडकाम पहाटे सहाला, कूलर-पंखा काही नाही, अंगावर स्वेटर. नुसत्या ॲसिटोनऐवजी त्यात थोडा कीस विरघळवलेला, दुधाएवढा दाट. तो तितक्या लवकर उडत नाही. (एमईके, म्हणजे मिथाइल इथाइल कीटोन हे ॲसिटोनसारखंच द्रावण, मिळालं तर आणखी बरं, ते ८० अंशांच्या आसपास उकळतं. नखांचं पॉलिश काढायचं पाणी मात्र वापरू नये, त्यात तेल-पाणी असतं.) लावलं, वीस सेकंद थांबलो, पुन्हा लावलं आणि टोकं एकमेकींत दाबली. सांध्यातून वितळलेल्या प्लॅस्टिकची बारीक किनार सगळीकडून वर आली. ती पुसायची नाही. तोच भराव आहे, आणि तो सांध्याच्या आतून आलेला आहे. रबरबँड लावून डबा पंधरा दिवस कपाटावर. भाचा दर रविवारी फोन करून "आता?" विचारायचा.

घासणं हा त्याचा आवडीचा भाग, आणि तिथेच त्याची सवय मोडावी लागली. बोटाला पेपर गुंडाळला की बोट मऊ जागी बसतं आणि मऊ जागाच खणतं. पेपरमागे काहीतरी कडक हवं. भिंतींना आइस्क्रीमची काडी पुरली. छत गोल, म्हणून शेतावरच्या पीव्हीसी पाइपचे तुकडे आणले, ३२, ४० आणि ५० मिमीचे. उभे चिरून छतावर पालथे ठेवून पाहिले. ४० चा नेमका बसला. त्याच्या आतून वॉटर पेपर चिकटवला आणि छताच्या गोलाईचा रंधा तयार झाला. सांध्यावर पेन्सिल घासून काळं केलं. उंच जागेवरचं काळं आधी जातं, खोल जागेतलं राहतं, त्यामुळे कुठे थांबायचं ते कळतं. पेन्सिलच हवी, मार्करची शाई रंगातून वर येते. पन्हळीच्या कडेला दोन थर टेप. आधी ती किनार नव्या ब्लेडनं खरवडून घेतली, मग ४००, ६००, १००० असे पेपर, पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा थेंब घालून. पाण्यानं पेपर भरत नाही, प्लॅस्टिक तापत नाही, आणि भुकटी छातीत जात नाही. दिशा सांध्याच्या रेषेत नाही, तिरपी, एकदा इकडून एकदा तिकडून.

सगळ्यात शेवटी पुट्टी आली, त्याच कार पेंटिंगवाल्याची. राखाडी प्रायमरचा पातळ हात दिल्यावर दिसलेल्या तीन बारीक ओरखड्यांसाठी, कागदाहून पातळ. दोन दिवस थांबून ८०० नं घासली. पन्हळ गेलेल्या जागी कवचाच्या साच्यातली उरलेली काडी दिव्यावर ऊन करून ओढली, तिची तार झाली, ती चिकटवली. लोखंडी पट्टी आता फक्त मधोमध एका ठिपक्यावर चिकटवलेली आहे, आणि बूड कवचाला दोन स्क्रूंनी, त्यांची भोकं थोडी लांबट. रंग या वेळी तकतकीत नाही, मॅट.

त्यानंतर त्या डब्यानं एक उन्हाळा आणि एक हिवाळा काढला. छत साफ आहे. डाव्या भिंतीला उजेडाची तार नाही. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात दोन मिलिमीटरचा एक खोलगट ठिपका राहिलाय, तिथे काडी पोहोचत नव्हती म्हणून भाच्यानं गुपचूप बोट वापरलं होतं. तो म्हणतो तो पोचा आहे, शकुंतलेच्या कोणत्या डब्याला पोचा नव्हता?

खिडकीतला चाचणीचा तुकडा अजून तिथेच आहे. पहिल्या चरात आता तिसरा कागद जायला लागलाय.

परवा दुसऱ्या डब्याचं जोडकाम काढलं. एप्रिल, सकाळचे आठ, आणि मी सवयीनं कूलर लावला. भाच्यानं ब्रश बाटलीत परत ठेवला, उठला आणि बटण बंद केलं. "मामा, घाम येऊ द्या. जोड लागू द्या आधी."